यमुना सिस्टरची देणी

मृत्युपत्र सापडलं लशीच्या निळ्या डब्यात,
जिथे कधीकाळी पोलिओचे थेंब गार राहायचे.
वहीचं आखीव पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं,
खाली दोन साक्षीदार:
कंपाउंडर दौलत खडसे, आता तेही नाहीत,
आणि चक्कीवाली शेवंता उइके,
तिच्या अंगठ्याच्या रेषांत
ज्वारीचं पीठ अजून दिसेल असं वाटलं.

"हे मी पूर्ण शुद्धीत लिहिते. चष्मा लावून.
ताप नाही. बीपी एकशेतीस-ऐंशी, आत्ताच मोजलं.
माझ्यामागे हे कागद मंदाकिनी फिरवेल.
तिचे पाय धड आहेत."

आर्वीचे वकील म्हणाले, स्टॅम्प पेपर लागत नाही,
नोंदणीचीही सक्ती नाही, एक साक्षीदार हयात आहे ना, पुरे.
"पण नोंदवलं असतं, तर तुमच्या चकरा वाचल्या असत्या."
चकरा वाचवणं आत्याला कधी जमलंच नाही.
सात गावं, एक सायकल, तेवीस वर्षं.

बँकेत नॉमिनी म्हणून भूषण, माझा धाकटा.
त्याला वाटलं, पैसे आपलेच.
त्याला कसं सांगू, नॉमिनी म्हणजे
पाळण्याची दोरी हातात दिलेला माणूस,
लेकरू त्याचंच असतं असं नाही.
आठ दिवस बोलला नाही.
मग व्हॉट्सअ‍ॅपवर पासबुकाचा फोटो आला, अर्धा कापलेला.

पटवाऱ्यानं फेरफाराची नोटीस चावडीवर डकवली:
पाऊण एकर, संत्र्याची नऊ झाडं,
कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.
हरकत घेतली एका बकरीनं,
उजवा कोपरा खाऊन.

मला वाटायचं, असला कागद सुरू होतो
कोणाला काय मिळणार तिथून.
आत्याचं पहिलं पान देण्यांचं होतं.
"आधी हे फेडा. टाके घालायच्या आधी जखम धुतात."
किराणा, तीनशे चाळीस.
दूध, चौदा दिवसांचं.
रहीमभाई, दोन पंक्चर. (पैसे घेत नव्हता. द्यावेच.)
झिंगूबाई मडावी, टोल्यावरची:
जन्मतारीख, एक.

ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.
"हव, माह्या सुकलालची.
पोट्टा झाला पोयाले, अन् कागदावर मार्चातला.
सिस्टर तीन रातीची जागी होती बाई,
आठाचा तीन लिहून बसली.
मंग पोलीस भरतीत पाच महिन्यानं मोठा भरला तो."
शेंग फुटली, दाणे सुपात पडले.
"कवाच माफ केलं म्या. आता कायले?"

आता कायले, हे मलाही ग्रामसेवकानं विचारलं.
सुकलाल छत्तीसचा, मोटारी भरतो, दोन मुलींचा बाप.
तरी त्यानं अर्ज केला, मी प्रतिज्ञापत्र जोडलं,
आणि डब्याच्या तळाशी मिळालेली आत्याची बाळंतपणांची वही,
जिच्यात त्या रात्रीसमोर, पेन्सिलीनं, फार नंतर कधीतरी:
"चुकले. ८."

चार महिने. दोन वेळा सर्व्हर बंद,
एकदा साहेब ट्रेनिंगला.
दाखला हातात आला तेव्हा सुकलालनं बोटांवर मोजलं,
"म्हंजे मी पाच महिन्यानं लहान झालो,"
आणि एकटाच हसत राहिला,
मग हसायचं थांबून दाखला घडी न घालता धरला.

नंतर वाटण्या झाल्या, पटापट.
झाडं भूषणला. सायकल रहीमभाईला.
शेवंताला दोन नऊवारी, एक अजून घडी न मोडलेली.
मला बीपीचं मशीन, ज्याचा फुगा जरा गळतो.

त्या रात्री देण्यांचं पान काढलं,
चौथ्या ओळीपुढे लिहिलं, "दिलं."
तारीख घातली.
दोनदा तपासली.